वाट पाहायला शिकताना

जय येशू, भाऊ. नोकरीसाठी प्रार्थना चालूच ठेव. देवाच्या उत्तराची वाट कशी पाहायची, ते सुरुवातीला थोडंच सांगतो.

बायबलमधलं स्तोत्र १३ रोज मोठ्यानं वाच. सहाच वचनं, म्हणजे छोटे श्लोक आहेत, आणि पहिल्या दोनांत दावीद राजा चार वेळा 'कोठवर?' असं विचारतो. तक्रार केली म्हणजे विश्वास उणा पडला, असं समजू नकोस. फक्त ती देवापाशीच कर.

नवीन माणूस हमखास दोन ठिकाणी चुकतो:
- देवाला तारीख देतो, 'दिवाळीपर्यंत झालंच पाहिजे'.
- घाईनं स्वतःच वाट काढतो. देवानं संततीचं वचन दिलेल्या अब्राहामानं हारान हे गाव सोडलं ७५ व्या वर्षी, मुलगा इसहाक झाला तेव्हा अब्राहाम १०० वर्षांचा होता. मधेच हागारेचा मार्ग धरला, म्हणजे बायकोच्या दासीपासून मूल करून घेतलं, आणि घरात भांडण शिरलं.

वाट पाहणं म्हणजे ओट्यावर बसून राहणं नव्हे! नवापूरच्या एमआयडीसीत अर्ज टाकत राहा, कापूस वेचणीला घरच्यांसोबत जा, रविवारची उपासना चुकवू नकोस. मंडळीतल्या (चर्चमधल्या) एका वडीलधाऱ्यांना प्रार्थनेची विनंती सांग, ओझं एकट्यावर राहत नाही.

इतरांच्या साक्षी, म्हणजे देवानं प्रार्थना कशी ऐकली याचे अनुभव, ऐकून मन खट्टू होईल. साक्षीत थांबण्याची वर्षं दोन वाक्यांत उरकतात, हे ध्यानात ठेव.

उपवास, रात्रभराची प्रार्थना सध्या राहू दे. महिनाभरानं कळव, मग त्यावर बोलू.