शाकाहारी घरात पूरक गोळ्या व पावडरी खरोखर किती लागतात?

आपण मिरजेहून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपले वय 44, वजन 64 किलो, काम दिवसभर खुर्चीत बसून; घर पूर्ण शाकाहारी असून अंडेही चालत नाही; दुपारनंतर अंगात त्राण राहत नाही. एका परिचित गृहस्थांनी, जे साखळी पद्धतीने माल विकणाऱ्या एका कंपनीचे काम करतात, आपल्याला प्रथिनांची पावडर, मल्टीव्हिटॅमिन, ओमेगा-3, कॅल्शियम आणि हळदीच्या कॅप्सूल असा संच सुचवला आहे व त्याचा महिन्याचा खर्च साडेचार हजारांच्या घरात जातो. वडील मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेतात, आईंना थायरॉईडची गोळी चालू आहे आणि 14 वर्षांच्या मुलीसाठी उंची वाढवणाऱ्या पावडरीचाही आग्रह होत आहे. यातले काय घ्यावे आणि नुसत्या आहारावर भागेल का, हे आपल्याला हवे आहे.

मी सांगलीत औषधांचे दुकान चालवतो. हा सगळा माल माझ्याही काउंटरवर अगदी समोर मांडलेला असतो आणि त्यात औषधांपेक्षा नफा बरा सुटतो, हे आधीच सांगून टाकतो. मी डॉक्टर नाही. मात्रा ठरवण्याचे काम आपल्या डॉक्टरांचे आहे. माझे मत असे, की कमतरता कशाची आहे हे ठरल्याशिवाय तिच्यावरची गोळी घेऊ नये, आणि आपल्या घराचे वर्णन वाचता त्या पाच डब्यांपैकी चार सरळ परत करता येतील. गंमत अशी, की आपल्या घरात जे बहुधा कमी पडत असेल, ते बी-12, त्या संचात स्वतंत्रपणे दिलेलेच नाही. मल्टीव्हिटॅमिनच्या गोळीत असेल तेवढेच.

बी-12 हे जीवनसत्त्व जिवाणू तयार करतात आणि माणसाला ते दूध, अंडी, मासे, मांस यांतूनच भरवशाने मिळते. भाजी, डाळ, ज्वारी, शेंगदाणे यांत ते नसते. स्पिरुलिना या शेवाळासारख्या वनस्पतीच्या गोळ्यांवर बी-12 लिहिलेले दिसते, पण त्यातला बराचसा भाग शरीराला उपयोगी न पडणाऱ्या रूपातला असतो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला दिवसाला 2.2 मायक्रोग्रॅम बी-12 लागते. रोज अर्धा लिटर दूध-दही पोटात जात असेल तर ही गरज कशीबशी गाठता येते. पण दोन कप चहातले दूध आणि जेवणात पातळ ताक एवढाच दुधाचा हिशेब असणाऱ्या घरात ती गाठली जात नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुणे व आसपासच्या खेड्यांत या कमतरतेचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आहे आणि ती आपल्याकडे किती पसरलेली आहे हे त्यातून पुढे आले आहे. थकवा, हातापायांना मुंग्या, जीभ लाल होऊन झोंबणे, विसरभोळेपणा ही तिची लक्षणे असतात. मात्र थकवा थायरॉईडमुळे, वाढलेल्या साखरेमुळे किंवा रात्रीच्या अपुऱ्या झोपेमुळेही येतो. म्हणून आपण प्रथम सीबीसी (रक्तपेशी व हिमोग्लोबिनची तपासणी), बी-12, टीएसएच (थायरॉईडची तपासणी) आणि तीन महिन्यांची साखर सांगणारी एचबीए1सी, एवढ्या रक्ततपासण्या डॉक्टरांना विचारून करून घ्याव्यात. संचाच्या एका महिन्याच्या पैशांत त्या बहुतेक भागतील.

वडिलांची तपासणी तर आपल्याही आधी व्हावी. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांत बी-12 चे शोषण कमी होते, आणि त्यासोबत पित्ताची गोळी रोज उपाशीपोटी चालू असेल, जशी ती आपल्याकडे डॉक्टरांना न विचारता वर्षानुवर्षे चालू राहते, तर आणखी कमी होते. अशा रुग्णांच्या पायांची जळजळ साखरेमुळेच आहे असे गृहीत धरले जाते आणि बी-12 कोणी तपासत नाही. इथे एक धोकाही आहे. फॉलिक अॅसिड भरपूर असलेली गोळी घेतली की बी-12 च्या कमतरतेने झालेला रक्तक्षय सुधारल्यासारखा दिसतो, हिमोग्लोबिनचा आकडा बरा येतो, पण नसांची हानी आत चालूच राहते. ‘नसांची गोळी’ म्हणून लोक जी मागून नेतात, तिच्यात बऱ्याचदा बी-6 मोठ्या मात्रेत असते, आणि ते फार दिवस घेतल्यास नसांनाच अपाय करते. म्हणून कमतरता निघाल्यास नुसते बी-12 घ्यावे. बी-12 चे मिथाइलकोबालामिन हेच रूप हवे असा आग्रह असतो, परंतु त्याचे साधे रूप, सायनोकोबालामिन, तेही काम करते व स्वस्त पडते.

आता प्रथिने. 2020 च्याच शिफारशीनुसार प्रौढाला दर किलो वजनामागे 0.83 ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे आपल्या 64 किलोंना दिवसाला साधारण 53 ग्रॅम. आपल्या भागातल्या जेवणात ती कुठून येतात ते पाहू. शाळूच्या दोन भाकरींना 120 ग्रॅम पीठ लागले तर 12 ग्रॅम, 35 ग्रॅम कोरड्या मटकीच्या उसळीतून सुमारे 7, घट्ट आमटीतून 5, 30 ग्रॅम शेंगदाण्यांच्या चटणीतून 7, दिवसभरातल्या 300 मिलिलिटर दूध-दह्यातून 9 ते 10, सकाळच्या पोह्यांतून 3 ते 4, रात्रीच्या दोन चपात्यांतून 6 आणि संध्याकाळी मूठभर फुटाणे खाल्ले तर आणखी 5 ते 6. बेरीज 53 च्या पुढे जाते आणि यात पावडरीचा एक चमचाही नाही. ज्वारी-गव्हात लायसिन नावाचे अमिनो आम्ल कमी असते, ते कडधान्ये भरून काढतात. भाकरी-उसळीची जोडी त्या दृष्टीनेही पक्की आहे.

प्रत्यक्षात मात्र ताट असे नसते. सकाळी चहा-खारी, दुपारच्या डब्यात चपाती आणि बटाट्याची भाजी, रात्री भाताबरोबर अशी आमटी की जिच्यात डाळ शोधावी लागते. अशा दिवसाची बेरीज 35 ग्रॅमसुद्धा होत नाही आणि दुपारी मरगळ येते. ती दुरुस्ती किराणा दुकानात होते. माण-खटाव, जत-आटपाडीकडची मटकी आणि हुलगा, कोरेगावचा वाघ्या घेवडा हे सगळे आपल्या दारात पिकते. हुलग्याचे माडगे आपल्या आजीने नक्की खाऊ घातले असेल; ते आता फक्त सर्दीच्या वेळी आठवते, हे काही बरे नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या आहार मार्गदर्शिकेतही शरीर कमावण्यासाठी प्रथिनांच्या पावडरी टाळाव्यात, असेच म्हटले आहे. ज्याला जेवणच जात नाही असा आजारी किंवा वृद्ध माणूस असेल तर गोष्ट वेगळी, आणि तेव्हा पावडर डॉक्टरांना विचारून घ्यावी. वडिलांना तर क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचे काम सांगणारी रक्ततपासणी, पाहिल्याखेरीज पावडर देऊच नये, कारण मधुमेहात मूत्रपिंड कमजोर झालेले असेल तर जादा प्रथिनांचा भार त्यांना सोसणार नाही.

डबा घ्यायचाच असेल तर मागची बाजू वाचावी. घटक हे वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. नुकताच एका ग्राहकाने दाखवायला आणलेल्या डब्यावर पुढे मोठ्या अक्षरांत प्रथिनांचा आकडा होता तो 100 ग्रॅमचा. मागे बारीक अक्षरांत एका मापाचा आकडा त्याच्या पाचव्या हिश्श्याहून कमी होता आणि घटकांच्या यादीत दुसऱ्याच क्रमांकावर साखर होती. पूरक आहाराच्या डब्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ या अर्थाची ओळही छापावी लागते. ज्यावर कंपनी स्वतः असे छापते, त्याच मालाने साखर, सांधे आणि थायरॉईड बरे होतात असे कोणी बैठकीत सांगत असेल, तर त्याला ती ओळ मोठ्याने वाचायला सांगावी.

व्हिटॅमिन डी मात्र शाकाहारी जेवणातून फारसे मिळत नाही. त्याचा मुख्य स्रोत ऊन, आणि आपल्याकडे ते मुबलक असूनही कचेरीत बसणाऱ्याला ते लागत नाही. सकाळच्या कोवळ्या उन्हाचे आपल्याकडे फार कौतुक आहे, पण त्वचेत डी तयार करणारे किरण त्या वेळी अगदी थोडे असतात. अकरा ते तीनच्या दरम्यान थोडा वेळ हात-पाय उघडे ठेवून उन्हात राहिल्यास जास्त उपयोग होतो. खिडकीच्या काचेतून येणारे ऊन याकामी चालत नाही. तपासणीत पातळी फारच कमी निघाली तर डॉक्टर 60,000 युनिटची पुडी देतात, आणि ती आठवड्यातून एकदा, ठरलेले आठवडेच घ्यायची असते. एक आजी चार पुड्या चार दिवसांत संपवून पाचव्या दिवशी पुन्हा मागायला आल्या होत्या. चिठ्ठीवर ‘आठवड्यातून एकदा’ लिहिले होते, पण पुडी दिसायला ओआरएससारखी, तेव्हा त्यांनी रोज एक घेतली. तेव्हापासून मी प्रत्येक पुडीवर स्केचपेनने वार आणि तारीख लिहून देतो. हे जीवनसत्त्व चरबीत साठते, लघवीवाटे निघून जात नाही. ते अति झाले की रक्तात कॅल्शियम वाढते आणि मळमळ, बद्धकोष्ठता, तहान इथपासून मूतखडा व मूत्रपिंडाच्या बिघाडापर्यंत मजल जाते.

आईंच्या वयात कॅल्शियमची गरज 1200 मिलिग्रॅम धरली आहे आणि ती आहारातून पुरी होत नसेल तर गोळीचा विचार योग्य आहे. संचातली हीच एक वस्तू ठेवण्यासारखी ठरू शकते. पण 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, दूध-दही-तीळ आहेतच, तेव्हा आधी ताटात किती आहे ते मोजावे आणि गोळीने फक्त उरलेले भरावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे थायरॉईडची गोळी आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी यांत निदान चार तासांचे अंतर हवे. सकाळी उठल्यावर सगळ्या गोळ्या एका घोटात घेणाऱ्या बायका मी रोज पाहतो. मग टीएसएच वाढलेला येतो, डॉक्टर मात्रा वाढवतात आणि मूळ कारण तसेच राहते. घरात कोणी केसांसाठी बायोटिन घेत असेल तर थायरॉईडच्या तपासणीपूर्वी ते प्रयोगशाळेला अवश्य सांगावे, कारण त्याच्या मोठ्या मात्रेने काही तपासण्यांचे आकडे चुकीचे येतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2017 मध्ये तशी सूचनाच काढली होती.

सांगलीकराला हळदीची कॅप्सूल विकणाऱ्याच्या धाडसाचे मात्र कौतुक वाटते. ज्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ती आपल्या डब्यात आहे. फोडणीतली हळद निर्धास्त खावी. कॅप्सूलमध्ये कर्क्युमिनचा अर्क असतो आणि तो एरवी आतड्यातून फारसा शोषला जात नाही म्हणून त्यात मिऱ्याचा अर्क घालतात. अशा दाट अर्कांमुळे काही लोकांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी गेल्या काही वर्षांत वैद्यकीय नियतकालिकांत आल्या आहेत. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असणाऱ्याने तर त्या वाटेला जाऊच नये.

ओमेगा-3 आणि मल्टीव्हिटॅमिनबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. अमेरिकेत 25,871 लोकांवर सुमारे पाच वर्षे माशाच्या तेलाचे ओमेगा-3 आणि व्हिटॅमिन डी यांचा उपयोग पाहण्यासाठी केलेल्या ‘व्हायटल’ चाचणीत कर्करोगाचे किंवा हृदयविकार-पक्षाघाताचे एकूण प्रमाण घटल्याचे दिसले नाही. शिवाय माशाच्या तेलाची कॅप्सूल आपल्या घरात चालणारही नाही, हे विकणाऱ्याने आपल्याला सांगितले आहे का? जवसाची चटणी करावी. तिच्यातले ओमेगा-3 वेगळ्या प्रकारचे असून शरीरात त्याचे माशाच्या तेलातल्या प्रकारात रूपांतर थोडेच होते, पण चटणी म्हणून ती उत्तमच आहे. मल्टीव्हिटॅमिनने धडधाकट माणसाचे आजार टळतात याला पुरेसा आधार नाही, आणि जास्त घेणे नेहमी निरुपद्रवी असते असेही नाही: फिनलंडमधील धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा-कॅरोटीन दिले तेव्हा त्यांच्यात फुफ्फुसाचा कर्करोग वाढल्याचे 1994 मध्ये आढळले होते.

लोहाची गोळी पुरुषांनी तपासणीविना घेऊ नये. प्रौढ पुरुषाचे किंवा पाळी थांबलेल्या स्त्रीचे लोह कमी निघाले, तर रक्त कुठून जाते आहे हे आधी शोधावे लागते. जेवणावर लगेच चहा घेण्याची आपली सवय मात्र सर्वांनीच मोडावी, कारण त्याने अन्नातले लोह अंगी लागत नाही. उसळीवर लिंबू पिळले तर ते अधिक लागते. तासगावच्या बेदाण्याने रक्त वाढते असे सगळे म्हणतात, पण मूठभर बेदाण्यातून मिळणारे लोह अगदी थोडे, आणि वडिलांच्या दृष्टीने त्यातली साखर बरीच.

मुलीसाठी उंचीची पावडर घेऊ नये. उंची आनुवंशिकतेवर आणि बालपणापासूनच्या पोषणावर ठरते आणि पाळी सुरू झाल्यानंतर वाढ आवरती होत जाते. डब्यातली साखर उंची वाढवू शकत नाही. मुलीला खरा धोका रक्तक्षयाचा आहे. सरकारी व अनुदानित शाळांत या वयाच्या मुलांना आठवड्यातून एकदा जी निळी गोळी देतात, तीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असते. पुष्कळ मुली ती घेत नाहीत, कारण मळमळते आणि शौचाला काळे होते. काळे होणे हा लोहाचा नेहमीचा परिणाम आहे, त्यात भिण्यासारखे काही नाही. गोळी जेवणानंतर घेतली तर मळमळही कमी होते. तिच्या शाळेत ती मिळत असेल तर ती खरोखर घेते का, एवढे विचारून पाहावे, आणि मिळत नसेल तर आपल्या सीबीसीबरोबर तिचाही हिमोग्लोबिन तपासून घ्यावा.