वेप ओढणाऱ्या किशोरवयीन मुलांच्या दातांवर आणि हिरड्यांवर काय परिणाम होतो?

तुम्ही लिहिलंय की सोळा वर्षांचा मुलगा सात-आठ महिन्यांपासून वेप, म्हणजे द्रव तापवून त्याची वाफ ओढायची ई-सिगरेट, ओढतोय. विचारलं तर म्हणतो, "यात निकोटिन नाही, नुसता फ्लेवर आहे. आणि माझे दात बघ, पांढरेशुभ्र आहेत, हिरड्यांतून रक्तही येत नाही." त्याचं कितपत खरं मानायचं, हा तुमचा प्रश्न.

मी दंतवैद्य आहे. दात पांढरे असतील, यावर माझा विश्वास बसतो. सिगरेटने दातांवर जो पिवळा-काळा थर चढतो, तो बराचसा तंबाखू जळून तयार होणाऱ्या डांबराचा असतो. वेपमध्ये काही जळत नाही, त्यामुळे तसे डाग पडत नाहीत. पण कीड लागायला डाग पडावे लागत नाहीत.

सगळ्यात आधी बिघडतं ते लाळेचं काम. आपल्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. खाल्ल्यानंतर तोंडातले जंतू आम्ल बनवतात, सामू (पीएच; आम्ल वाढलं की हा आकडा घसरतो) ५.५ च्या आसपास किंवा त्याखाली गेला की दातावरचं कवच विरघळायला लागतं. लाळ ते आम्ल निवळवते आणि कवचाला कॅल्शियम-फॉस्फेट परत देते. वेपच्या द्रवात मुख्यतः प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन असतं. यातलं प्रोपिलीन ग्लायकॉल पाणी शोषून घेतं. म्हणून ओढणाऱ्या मुलांना घसा सुकल्यासारखा वाटतो, ओठ चिकटतात, सकाळी तोंडाला वास येतो. निकोटिन असो वा नसो, हे होऊ शकतं. त्यात ही मुलं कोरड पडली की पाण्याऐवजी कोल्ड्रिंक किंवा एनर्जी ड्रिंक उघडतात, म्हणजे लाळ कमी असताना साखर आणि आम्ल दोन्ही पोटात जाण्याआधी दातांवरून जातं.

दुसरी गोष्ट, सिगरेट संपते. वेपला असा शेवट नसतो. अभ्यास करताना, मोबाइल बघताना, अंथरुणात पडल्या पडल्या दर काही मिनिटांनी एक झुरका चालू राहतो. लाळेला सावरायला जी उसंत लागते, तीच मिळत नाही. मला विचाराल तर दातांच्या बाबतीत ही सवयच निम्मं नुकसान करते.

आता "नुसता फ्लेवर" या मुद्द्याकडे येते, कारण मुलं तिथेच अडून बसतात. ग्लिसरीन चवीला गोड आणि घट्ट असतं. जंतू त्याचं साखरेसारखं आम्ल करत नाहीत, पण गोड फ्लेवरसह त्याची वाफ दातांवर बसली की कीड लावणारे जंतू तिथे जास्त घट्ट चिकटतात. २०१८ मध्ये प्लॉस वन या नियतकालिकात आलेल्या प्रयोगशाळेतल्या अभ्यासात गोड फ्लेवरच्या वाफेने दातांच्या कवचावर चिकटणारे जंतू चौपट झाले, आणि बिनफ्लेवरच्या तुलनेत कवचाचा टणकपणा २७ टक्क्यांपर्यंत कमी झाला. दातांचा मामला असेल तर फ्लेवर हा निरुपद्रवी भाग मुळीच नाही. शिवाय आपण ओढतो त्यात निकोटिन आहे, हेच कित्येक मुलांना माहीत नसतं.

अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या दंतमहाविद्यालयाने १३ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासून २०२२ मध्ये निष्कर्ष मांडले. वेप ओढणाऱ्यांपैकी सुमारे ७९ टक्के लोक कीड लागण्याच्या जास्त धोक्याच्या गटात होते, न ओढणाऱ्यांपैकी सुमारे ६० टक्के. यावरून वेपनेच कीड लागली असं सिद्ध होत नाही, पण खुर्चीत बसलेल्या मुलांत मी जे बघते त्याच्याशी हे जुळतं. एरवी कीड दाढांच्या खाचांत आणि दोन दातांच्या फटीत लागते. या मुलांत कधीकधी ती समोरच्या दातांच्या कडेला किंवा हिरडीलगत दिसते. अशी कीड दिसली की मी आई-वडिलांना थोडा वेळ बाहेर बसायला सांगते आणि मुलाला शांतपणे विचारते. बहुतेक जण सांगून टाकतात.

वयाचाही संबंध आहे. दुसरी कायमची दाढ साधारण बाराव्या वर्षी येते. नुकत्याच आलेल्या दाताचं कवच पूर्ण पक्कं नसतं, लाळेतली खनिजं घेत ते पुढची काही वर्षं टणक होत जातं. नेमक्या त्याच वर्षांत तोंड कोरडं ठेवलं तर त्या दाताला पक्कं व्हायची संधी कमी मिळते. मुलाला तारा लावल्या असतील तर अजून सांभाळायला हवं, तारांभोवती पांढरे चट्टे लवकर पडतात.

आणि हिरड्या. रक्त येत नाही, हे ऐकून मला उलट काळजी वाटली. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात. हिरडीला सूज असली तरी ती लाल दिसत नाही, ब्रश करताना रक्तही कमी येतं. रक्त येणं ही हिरडीची हाक असते, निकोटिन ती दाबून टाकतं. आत हाड झिजत राहतं आणि बाहेरून फिकट गुलाबी, बरी दिसणारी हिरडी दिसते. म्हणून आरशावर भरवसा ठेवू नका. दात आणि हिरडी यांमधली खोली डॉक्टरांकडून मोजून घ्या आणि गरज वाटली तर एक्स-रे काढून घ्या.

एक गोष्ट क्वचित घडणारी आहे, पण सांगायला हवी. २०१९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये सतरा वर्षांच्या एका मुलाची नोंद आली. ओढताना ते उपकरण फुटलं आणि त्याचा खालचा जबडा मोडला.

घरी आजपासून काय करता येईल? झुरक्यानंतर साध्या पाण्याने चूळ भरायला सांगा. फ्लुराइडची पेस्ट दिवसातून दोनदा, आणि रात्री ब्रश केल्यावर पाण्याशिवाय काही नको. यामुळे नुकसान थोडं कमी होतं, थांबत नाही. थांबवायचं असेल तर वेप सुटायलाच हवं, आणि ओरडून ते सुटत नाही. निकोटिन असेल तर सोडताना चिडचिड, झोप न लागणं, लक्ष न लागणं हे काही दिवस होणारच. डॉक्टरांची मदत घ्यायला लाजू नका. अक्कलदाढ किंवा दुसरा एखादा दात काढायचा असेल तर ओढतो हे आधी सांगाच, कारण ओढणाऱ्यांची जखम भरायला वेळ लागतो.

शेवटची गोष्ट त्याला आधीच सांगून ठेवा. सिगरेट सोडणाऱ्यांत पहिल्या काही आठवड्यांत हिरड्यांतून रक्त वाढलेलं दिसतं, कारण आकसलेल्या रक्तवाहिन्या पुन्हा मोकळ्या होतात. निकोटिनवालं वेप सोडल्यावरही तसं होऊ शकतं. तेव्हा "सोडल्यावरच बिघडलं" असं म्हणून तो परत सुरू करेल. त्याला सांगा, हे रक्त आधीपासूनच्या सुजेचं आहे, आणि ते दिसलं की त्याच आठवड्यात त्याला दंतवैद्याकडे घेऊन जा.