लेकरांसोबत बेसबॉलची वारी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

उन्हाळी सुट्टी जवळ आली की अमेरिकेतल्या मराठी घरांतून एका विषयावरची पत्रं हमखास वाढतात. आई किंवा बाबा, सोबत एक मूल, एक गाडी आणि चार-सहा बेसबॉल स्टेडियमं. त्यातले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : मुलगी नऊ वर्षांची आहे, सॉफ्टबॉल खेळते. जुलैत दहा दिवस रजा मिळतेय. शिकागो, मिलवॉकी, डेट्रॉइट, क्लीव्हलँड, पिट्सबर्ग, सिनसिनाटी ही मैदानं गाडीने करायची आहेत. कुठून सुरुवात करू? (एक बाबा, नेपरव्हिल, इलिनॉय)

नकाशा मिटून ठेवा आणि वेळापत्रक उघडा. बहुतेकांचा घोळ इथेच होतो. आधी रस्ता ठरवतात, हॉटेलं घेतात आणि मग कळतं की आपण क्लीव्हलँडला असू तेव्हा संघ बाहेरगावी आहे. हंगामात प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो, त्यातले ८१ घरी. सहा-सात दिवस घरी, मग साधारण तितकेच दिवस बाहेर असा फेरा चालतो. म्हणजे कुठल्याही दिवशी निम्मी स्टेडियमं रिकामीच असतात.

चौकटीचा कागद घ्या. डावीकडे सहा संघ, वर तारखा. संघ घरी असेल त्या चौकटीत सुरुवातीची वेळ लिहा, नसेल ती काट मारा. जुलैच्या मध्यावर ऑल-स्टार सामन्याची (लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या सामन्याची) सुट्टी असते. तेव्हा सोमवार ते बुधवार नेहमीचे सामने नसतातच, बहुधा गुरुवारीही नसतात. त्या आठवड्याला हातच लावू नका.

आता अंतरं. शिकागो ते डेट्रॉइट सुमारे २८० मैल, तिथून क्लीव्हलँड १७०, पुढे पिट्सबर्ग १३५, मग सिनसिनाटी २९० आणि परत शिकागो ३००. ही फेरी साधारण १,१७५ मैलांची. मिलवॉकी तुमच्यापासून दोनेक तासांवर आहे आणि शिकागो तर घरचंच. ही दोन्ही या फेरीत कोंबू नका, ती वेगळ्या शनिवार-रविवारी होतात. चारच मैदानं राहिली की गणित एकदम सुटं होतं. कागदावर फेरी सुलटी लावून बघा, मग उलटी, म्हणजे आधी सिनसिनाटी आणि शेवटी डेट्रॉइट. एका दिशेने अडलेलं दुसऱ्या दिशेने पुष्कळदा सुटतं. दोन्हीकडून नाहीच जमलं तर एक शहर गाळा. दहा दिवसांत चार सामने आणि किमान दोन कोरे दिवस हे प्रमाण नऊ वर्षांच्या मुलीला झेपतं. रोज एक सामना ही बाबांची हौस असते. पाचव्या दिवशी मूल हॉटेलच्या पोहण्याच्या तलावातून बाहेर यायला तयार नसतं, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

संध्याकाळचे सामने बहुधा ६:४० ते ७:१० च्या दरम्यान सुरू होतात. २०२३ पासून पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) घड्याळ लागल्यामुळे, म्हणजे ठरलेल्या सेकंदांत चेंडू टाकावा लागत असल्यामुळे, सामना सरासरी दोन तास चाळीस मिनिटांच्या आसपास आटपतो, तरी गाडीपाशी पोचेपर्यंत दहा वाजतातच. त्यानंतर पुढच्या गावाला निघू नका. सकाळी नाश्ता करून निघायचं, दुपारी तीनपर्यंत हॉटेल, तासभर आडवं व्हायचं, पाचला स्टेडियमकडे. पिट्सबर्ग-सिनसिनाटी टप्पा जवळजवळ पाच तासांचा आहे, त्या दिवशी सामना ठेवू नका. वाटेत कोलंबसला थांबा. तिथे मुलांसाठी विज्ञान केंद्र आहे आणि मायनर लीगचा (मोठ्या लीगच्या खालच्या पायऱ्यांवरचा) संघही. परतताना इंडियानापोलिसचं बालसंग्रहालय लागतं. ते एका तासात उरकण्यासारखं नाही, अर्धा दिवस हाताशी ठेवा.

दोन गोष्टी ऐनवेळी दगा देतात. पहिली घड्याळ : शिकागो सेंट्रल वेळेत, बाकीची चारही शहरं ईस्टर्नमध्ये. डेट्रॉइटला जाताना एक तास हातचा जातो. दुसरी रविवार : दुपारचा म्हणून तिकीट काढलेला सामना राष्ट्रीय वाहिनीसाठी संध्याकाळवर ढकलला जाऊ शकतो. रविवारी रात्री लांबचा टप्पा असेल तर बेत बिघडलाच.

टोलचं म्हणाल तर इलिनॉयचा आय-पास (गाडीत लावायचा टोलचा पास) इंडियाना, ओहायो आणि पेनसिल्व्हेनियाच्या टोलरस्त्यांवर चालतो. गाडी भाड्याची असेल तर तिचा नंबर तेवढ्या तारखांपुरता आपल्या खात्यात चढवा, नाहीतर भाडेकंपनीचं रोजचं शुल्क टोलपेक्षा जड होतं.

प्रश्न : मोठ्या लीगची तिकिटं, पार्किंग, हॉटेल यांनी खिसा रिकामा होतो. कुठे काटकसर करता येईल? (एक आई, ट्रॉय, मिशिगन)

मायनर लीग. डेट्रॉइटहून क्लीव्हलँडला जाताना टोलीडो लागतंच. तिथला मड हेन्स संघ डेट्रॉइट टायगर्सच्या खालोखालच्या पायरीवरचा, स्टेडियम भर गावात, आणि मैदान इतकं जवळ की कॅचरचं (फलंदाजामागे चेंडू झेलणाऱ्याचं) ओरडणं ऐकू येतं. साउथ बेंड, फोर्ट वेन, डेटन इथेही चांगली मैदानं आहेत. आखायलाही हे सोपं. २०२१ पासून मायनर लीगच्या मालिका बहुतांशी मंगळवार ते रविवार सलग सहा सामन्यांच्या असतात आणि सोमवारी सुट्टी. संघ मंगळवारी घरी असेल तर रविवारपर्यंत घरीच असणार.

मोठ्या लीगमध्ये तिकिटांचे भाव मागणीप्रमाणे हलतात. मंगळवार-बुधवार स्वस्त, शनिवार महाग. प्रेक्षकांना मान हलवणारी बाहुली फुकट वाटतात त्या दिवशी तर विचारूच नका. पिट्सबर्गला गाडी नदीच्या अलीकडे, शहराच्या बाजूला लावा. सामन्याच्या दिवशी क्लेमेंटे पूल वाहनांना बंद असतो आणि चालत थेट स्टेडियमच्या दारात पोचता येतं. मुलांना तो पूलच जास्त आवडतो. सिनसिनाटीला नदीपलीकडे केंटकीतल्या कव्हिंग्टनला राहिलात तर रोबलिंगचा जुना झुलता पूल पायी ओलांडून जाता येतं.

प्रश्न : कुठल्या जागा घ्याव्यात? ऊन लागतं, चेंडू लागतो असं ऐकलंय. (एक बाबा, ऑस्टिन)

दोन्ही खरं. आधी ऊन. बेसबॉलच्या नियमांत शिफारस आहे की फलंदाजाने पूर्व-ईशान्येकडे तोंड करावं, म्हणजे मावळतीचा सूर्य त्याच्या डोळ्यांत जात नाही. अशा मैदानात दुपार कलली की सावली आधी होम प्लेटच्या (फलंदाज उभा राहतो त्या जागेच्या) मागे आणि तिसऱ्या बेसच्या बाजूला, म्हणजे फलंदाजाच्या डावीकडे, येते. पण सगळी मैदानं हे पाळत नाहीत. डेट्रॉइटचं कॉमेरिका पार्क दक्षिणेकडे तोंड करून आहे, तिथे संध्याकाळी तिसऱ्या बेसवाल्यांच्या तोंडावर ऊन असतं, म्हणून पहिल्या बेसची बाजू घ्या. दुपारी एकच्या सामन्याला मात्र बाजू बघून फार उपयोग नाही, वरच्या मजल्याच्या छपराखालच्या मागच्या रांगा शोधा. पिट्सबर्गला आम्ही तिसऱ्या बेसच्या बाजूचा वरचा मजला सुचवू. समोर नदी, पूल आणि शहराच्या इमारती दिसतात. यजमान संघाचा डगआउटही (खेळाडूंची बसायची जागा) त्याच बाजूला आहे.

चेंडू : २०१८ पासून सगळ्या ३० मैदानांत निदान दोन्ही डगआउटच्या टोकापर्यंत जाळी आहे, पुष्कळ ठिकाणी त्याहून पुढे. दहाच्या आतलं मूल असेल तर जाळीमागेच बसा. जाळीबाहेर, फाउल रेषेला (मैदानाच्या बाजूच्या हद्दीला) लागून असलेल्या जागा दिसायला झकास, पण तिथे चेंडू ताशी १०० मैलांच्या वेगाने येऊ शकतो आणि मुलाच्या हातात तेव्हा आइस्क्रीम असतं. हातातला ग्लोव्ह तिथे शोभेपुरताच.

आणखी एक, जे तिकीट काढताना दिसत नाही. वरच्या मजल्याची पहिली रांग घेऊ नका. समोरचा कठडा मोठ्या माणसाच्या छातीशी, पण मुलाच्या बरोबर डोळ्यांसमोर येतो. शिकागोच्या रिग्ली फील्डमध्ये (१९१४ चं बांधकाम आहे ते) छताचे खांब आडवे येतात. तिकिटावर तसा शेरा असतो, तो वाचूनच पैसे भरा.

प्रश्न : आम्ही शाकाहारी. डबा नेता येतो का? (एक आई, एडिसन, न्यू जर्सी)

बऱ्याच ठिकाणी बाहेरचं खाणं चालतं, पण स्टीलचा डबा दारातच अडवतात. काच, कॅन, टणक डबे, थर्मास यांना सरसकट मज्जाव. पोळीचे रोल किंवा थेपले पारदर्शक प्लास्टिक पिशवीत, माणशी वेगळे बांधून न्या. पाण्याची बाटली सीलबंद हवी. पिशवीचे नियम मात्र दर स्टेडियमचे निराळे. कुठे १६ × १६ × ८ इंचांपर्यंतची मऊ पिशवी चालते, कुठे पाठीवरची सॅक अजिबात नाही, आणि डेट्रॉइटला तर लहानशा पाकिटापलीकडे जवळजवळ काहीच नाही. तान्ह्या मुलाच्या लंगोटांची किंवा औषधांची पिशवी बहुतेक ठिकाणी तपासून सोडतात. निघायच्या आदल्या दिवशी त्या स्टेडियमच्या संकेतस्थळावरचा नियम वाचा, मागच्या वर्षीच्या आठवणीवर जाऊ नका.

आत भाजलेले शेंगदाणे आणि प्रेट्झेल बिनधोक. फ्राइज ज्या तेलात तळतात त्यातच चिकनही तळलेलं असू शकतं, विचारून घ्या. नाचोवर चिली (दाट तिखट रस्सा) ओतायच्या आत थांबवा, त्यात बहुधा बीफ असतं. शाकाहारी हॉट डॉग पुष्कळ ठिकाणी मिळतो, पण सगळ्या खिडक्यांवर नाही. तो कुठे आहे हे गेस्ट सर्व्हिसेसच्या टेबलावर सांगतात. तिथे गेलातच तर ‘पहिल्या सामन्याचं’ प्रमाणपत्र मागा, बहुतेक मैदानांत फुकट देतात. आतले व्यवहार जवळपास सगळीकडे कार्डावर चालतात आणि तिकिटं फोनवर. स्क्रीनशॉट दारात चालेलच असं नाही, म्हणून पॉवर बँक जवळ ठेवा.

प्रश्न : मला क्रिकेट कळतं, बेसबॉल नाही. सात वर्षांचा मुलगा तीन तास बसेल का? (एक आई, फ्रीमाँट, कॅलिफोर्निया)

नुसता बसणार नाही, त्याच्या हाताला काम द्या. स्कोअरकार्ड आणि पेन्सिल. प्रत्येक जागेला आकडा असतो : पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला) ६, मग डावा, मधला, उजवा आउटफिल्डर ७, ८, ९. फलंदाजाने शॉर्टस्टॉपकडे चेंडू मारला, त्याने पहिल्या बेसकडे फेकून बाद केलं, तर त्याच्या चौकटीत ६-३. स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइक (हुकलेले किंवा सोडलेले चांगले चेंडू) होऊन बाद, त्यासाठी के हे इंग्रजी अक्षर. न खेळता तिसरा स्ट्राइक सोडला तर तेच अक्षर उलटं. मुलांना ते उलटं अक्षर काढायला भारी मजा येते. एका खेळीवर दोघे बाद झाले तर ६-४-३. क्रिकेटचा स्कोअर लिहिलेल्या माणसाला हे दोन इनिंगांत (इथे एका इनिंगमध्ये दोन्ही संघ एकेकदा फलंदाजी करतात) जमतं. सगळे नऊ इनिंग लिहून काढायचा हट्ट नको. तीन झाले की उठा, फिरा. डेट्रॉइटला वाघांचं मेरी-गो-राउंड आहे, मिलवॉकीला सहाव्या इनिंगमध्ये सॉसेजची सोंगं घेतलेली माणसं पळतात, पिट्सबर्गला पिरोगींची (करंजीसारख्या पोलिश पदार्थाच्या सोंगांची) शर्यत. रविवारी बऱ्याच मैदानांत सामन्यानंतर मुलांना बेसवरून धावू देतात. त्याची रांग सामना संपायच्या आधीच लागते, तेव्हा सातव्या इनिंगलाच कुठल्या दारापाशी उभं राहायचं ते विचारून ठेवा.

प्रश्न : पाऊस आला तर पैसे परत मिळतात का? (एक बाबा, कोलंबस, ओहायो)

सहसा नाही. पाच इनिंग झाले (किंवा यजमान पुढे असतील तर साडेचार) की सामना अधिकृत धरतात. पुढे पाऊस येऊन तो थांबला तरी तुमचा सामना झाला. सुरूच झाला नाही तर तिकीट बदललेल्या तारखेला चालतं, पण तेव्हा तुम्ही दुसऱ्या राज्यात असता आणि सगळं मुसळ केरात. पुनर्विक्रीच्या तिकिटांचंही तेच : सामना पुढे ढकलला म्हणून पैसे मिळत नाहीत.

यावर एकच उपाय चालतो. मालिकेचा शेवटचा सामना घेऊ नका, पहिला किंवा दुसरा घ्या. तो पावसात गेला तर पुष्कळदा दुसऱ्याच दिवशी दोन सामने खेळवतात, कारण पाहुणा संघ अजून गावातच असतो. शेवटचा सामना गेला तर तो आठवड्यांनी होतो. म्हणून कोरा दिवस सामन्याच्या दुसऱ्या दिवशी ठेवा, आदल्या दिवशी नको. मिलवॉकीच्या स्टेडियमला सरकतं छत आहे, तिथे ही काळजी नाही. छत्रीपेक्षा पावसाळी पोंचो बरा, कारण आसनावर बसून छत्री उघडू देत नाहीत.

प्रश्न : मुलाला खेळाडूंच्या सह्या हव्यात. (एक आई, शार्लट)

दारं सामन्याच्या तास-दीड तास आधी उघडतात. यजमानांचा फलंदाजीचा सराव तोवर आटोपत आलेला असतो, पाहुण्यांचा दिसतो. म्हणून पाहुण्यांच्या डगआउटच्या पुढे, फाउल रेषेजवळ उभे राहा. रात्रीच्या सामन्यानंतर लगेच दुसऱ्या दुपारी सामना असेल, आणि रविवारीही, मैदानावरचा सराव बहुधा नसतोच. चेंडूवर सही निळ्या बॉलपेननेच घ्या. मार्करची शाई कातड्यात पसरत जाते. मार्कर टोपी आणि फोटोसाठी. हाक मुलाने मारायची, आडनावाने आणि ‘मिस्टर’ लावून. मागून बाबांचा फोन पुढे आला की खेळाडू बहुतेक वेळा पुढे सरकतो.

प्रश्न : डेट्रॉइटहून टोरांटोलाही जाऊन यावं का? मी एच-वन-बी व्हिसावर, मुलगी अमेरिकन नागरिक. (एक बाबा, ॲन आर्बर)

स्टेडियम बंद छताचं होऊ शकतं, प्रवास साडेचार तासांचा, अडचण कागदांची आहे. भारतीय पासपोर्टवर तुम्हाला कॅनडाचा व्हिसा आधी काढावा लागेल. ग्रीन कार्डधारकांना तो लागत नाही, पासपोर्ट आणि कार्ड पुरतं. पासपोर्टवरचा अमेरिकेचा व्हिसा संपलेला असेल तर परतीचं काय हे वकिलाला विचारल्याशिवाय सीमा ओलांडू नका. मुलगी सोळाच्या आतली असेल तर रस्त्याने जाताना जन्मदाखला चालतो, तरी पासपोर्ट बरा. आई सोबत नसेल तर तिचं संमतिपत्र घ्या : प्रवासाच्या तारखा, मुक्कामाचा पत्ता, तिचा फोन नंबर, आणि शक्यतो नोटरीचा शिक्का. हे पत्र गाडीच्या कप्प्यात ठेवा, डिकीतल्या बॅगेत नको.