तिसरा रकाना फाडून टाक

बेटा,

तुझं पत्र वाचलं, पण त्यासोबत पाठवलेला वहीच्या पानाचा फोटो जास्त वेळ बघत बसलो. पानावर तीन रकाने आखलेत. पहिल्यात चिनी अक्षर, दुसऱ्यात पिनयिन म्हणजे रोमन लिपीत त्याचा उच्चार, तिसऱ्यात इंग्रजी अर्थ. तिसऱ्या रकान्यात चार ठिकाणी खाडाखोड आहे, स्पेलिंग चुकलं म्हणून. पहिल्या रकान्यात एकही नाही. आणि पत्रात तू विचारतेस, ‘काका, माझं इंग्रजी कच्चं आहे म्हणून चिनी जमत नाही. विषय बदलू का?’

विषय बदलायचं नंतर बघू. आधी तो तिसरा रकाना फाडून टाक.

मेहनत कर, धीर धर, हे मी तुला सांगणार नाही. पारोळ्याकडच्या कोरडवाहू शेतातून दिल्लीच्या वर्गात पोचलेल्या पोरीला ते सांगायची गरज नसते. गावात लोक ‘शत्रूची भाषा कशाला शिकते’ म्हणतात, त्यावरही मी फार लिहिणार नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले, तिथली भाषा बोलायला-लिहायला शिकले, १९४२ साली तिथेच वारले. त्यांच्या मुलाचं नाव इनह्वा. इन म्हणजे भारत आणि ह्वा म्हणजे चीन. गावातल्या लोकांना एवढं सांग आणि अभ्यासाला बस.

तू लिहिलंस की वर्गात ‘चार’ आणि ‘दहा’ म्हणताना गोंधळ झाला आणि मुली हसल्या. त्यांना हसू दे. पण गोंधळ का झाला ते बघ. चारचा आवाज दातांजवळचा ‘स’ आणि दहाचा ‘ष’. आपण घरी शाळेला ‘साळा’ म्हणतो, तिथेच तुझी जीभ अडते. पण तुझ्या मराठी वर्णमालेत स, श आणि ष अशी तीन घरं आहेत ना? चिनीतही तीनच आहेत. पिनयिनमधला एस हा स, एक्स हा श, आणि एसएच हा आपला पोटफोड्या ष, जीभ वर वळवून म्हणायचा. इंग्रजीत तिसरं घर नाही. इंग्रजीतून शिकणारा एक्स आणि एसएच एकाच पोत्यात भरतो आणि पुढे वर्षभर निवडत बसतो.

बाकीचे आवाजही असेच बघ. पिनयिनमध्ये बी लिहिलेला असतो तिथे आवाज आपल्या प-चा आहे. पी असतो तिथे फ, फळातला, ओठ मिटून म्हटलेला, फोटोतला नव्हे. डी म्हणजे त, टी म्हणजे थ. जी म्हणजे क, के म्हणजे ख. हवा सुटते की सुटत नाही, एवढाच तो फरक आहे आणि तो तुला आईच्या मांडीवर शिकवलाय. आणि झेड? झेड हा चाकातला च. जे हा चिमणीतला च. हे दोन च आपल्या तोंडात वेगळे आहेत. तुझ्या शेजारी बसणाऱ्या हिंदीवाल्या मुलीला चाकातला च आणायला किती कष्ट पडतात ते एकदा बघ. तू मात्र त्या आवाजापुढे इंग्रजीत ‘डीएस’ असं काहीतरी लिहून ठेवलंस! कोणाला विचारून लिहिलंस ते?

मला राग आला, खरं सांगतो. तुझा नाही. तुझ्या वयात माझी वही अशीच होती.

पिनयिन रोमन लिपीत आहे, म्हणून ते इंग्रजी आहे असं मानू नको. १९५८ साली चीनने ते मंजूर केलं ते आपल्या लोकांना आपले उच्चार शिकवायला. त्यातली अक्षरं म्हणजे नुसत्या खुंट्या आहेत, त्यांवर कोणता आवाज टांगायचा ते तुझ्या कानाने ठरव. तुझा कान मराठी आहे, अहिराणी आहे. इंग्रजीचा रकाना मधे आला की तो कान बंद होतो.

सूर जमत नाहीत म्हणतेस. चार सूर आहेत आणि पुस्तकात त्यांच्या रेघा काढून दाखवल्या आहेत. रेघा बाजूला ठेव. तुझी आजी फोनवर कसं बोलते ते आठव. ती एका ‘हं’वर सगळं बोलणं करते. नीट ऐकू आलं नाही की ‘हं?’, आवाज वर चढतो. हा दुसरा सूर. पटलं, विषय संपला की ‘हं!’, आवाज वरून खाली आपटतो. हा चौथा. मनात नसताना, नाइलाजाने, खाली दाबून लांबवलेलं ‘हंऽ’ हा तिसरा. आणि गाणं सुरू करण्याआधी एका उंचीवर धरलेलं ‘हं’ हा पहिला. आता याच चार चाली ‘मा’वर लाव. पहिल्यात आई होते, दुसऱ्यात ताग, तिसऱ्यात घोडा, चौथ्यात शिवी देणं. माझ्या दुभाष्याच्या धंद्यात सगळ्यात महाग जोडी ‘माय’ची. तिसऱ्या सुरात ‘विकत घेणं’, चौथ्यात ‘विकणं’. सूर चुकला की सौदा उलटा.

आणि तिसऱ्या सुरापुढे तिसराच सूर आला तर आधीचा बदलून दुसरा सूर होतो. म्हणून ‘नी हाव’ म्हणताना ‘नी’ वर चढतो. या बदलाला जगभरचे भाषाशास्त्रज्ञ काय म्हणतात माहीत आहे? संधी. आपलाच शब्द. तुझ्या पानावर या नियमाचं अडीच ओळींचं इंग्रजी आहे. ‘संधी’ हा एक शब्द लिहिला असता तर आठवीच्या वर्गातलं सगळं व्याकरण तुझ्या मदतीला आलं असतं.

आता माझी गोष्ट सांगतो. ती मी सहसा सांगत नाही.

मी सत्तावीस वर्षांचा होतो. जळगावात एका चटईच्या कारखान्यात चिनी मशीन आलं होतं. दुभाष्या म्हणून मला बोलावलं. मशीन बसवायला आलेला इंजिनिअर शानतुंगचा, उत्तरेकडचा. पंधरा दिवस चांगले गेले. दाणा कुठून टाकायचा, पट्टी का तुटते, गरम किती करायचं, सगळं मी धडाधड सांगत होतो. मग गिअरबॉक्स गेला. नवा मागवायचा खर्च कोणाचा, यावर बैठक बसली. इंजिनिअर म्हणाला, ‘चान्मन’ देऊ. मी डायरीत इंग्रजीत लिहिलं, ‘वुई’. आणि शेठला मराठीत सांगितलं, ‘ते म्हणतात, आम्ही देऊ.’ शेठ खूश झाले. दोन महिन्यांनी अर्धा खर्च मागणारं पत्र आलं.

चिनीत ‘आम्ही’साठी ‘वोमन’ आहे. ‘चान्मन’ म्हणजे आपण, तुम्ही आणि आम्ही मिळून. उत्तरेकडची माणसं बोलताना हा फरक नेमका पाळतात. तो माणूस स्वच्छ सांगत होता, की आपण मिळून देऊ. मराठीत हा फरक आहे. तीन वर्षांच्या पोराला तो कळतो. ‘आम्ही जेवलो’ आणि ‘आपण जेवू’ यात आपली कधीच गल्लत होत नाही. इंग्रजीत तो फरक नाही. माझ्या डोक्यातला तो ‘वुई’ मधे उभा राहिला आणि त्याने ‘आपण’ खाऊन टाकला. चिनीतून सरळ मराठीत आलो असतो तर चुकायला जागाच नव्हती.

शेठने मला परत बोलावलं नाही. गावात बोभाटा झाला की याला चिनी येत नाही. मला चिनी येत होतं! चूक चिनीची नव्हती आणि मराठीची तर नव्हतीच. मला शिकवलंच तसं होतं, टिपणं इंग्रजीत काढा, विचार इंग्रजीत करा, मग जी भाषा हवी तिच्यात उतरा. सगळ्यांनी तसंच केलं, मीही केलं. पण मला एवढं तरी कळायला हवं होतं की माझ्या आजीच्या बोलीत जे आहे ते मी लपवतोय. वर्गात मी अहिराणीचा एक शब्द तोंडातून जाऊ दिला नाही. ‘आहे’साठी आपण ‘शे’ म्हणतो. चिनीत ‘आहे’ला चौथ्या सुरात ‘ष’ म्हणतात. या दोघांचं नातं काही नाही, निव्वळ योगायोग. पण पहिल्या दिवशी तो आवाज ऐकून मला बरं वाटलं होतं आणि दुसऱ्याच दिवशी मी ते विसरायचं ठरवलं. याचं वाईट वाटतं, गिअरबॉक्सपेक्षाही जास्त.

असो. पत्र तुझं आहे.

तिसरा रकाना फाडल्यावर तिथे काय लिहायचं? मराठी लिही, आणि मराठीत नसेल ते अहिराणीत. ‘अंकल-आंटी’ असं लिहून तू खाली पाच शब्द काढलेत आणि पुढे प्रश्नचिन्ह टाकलंय. अगं, प्रश्न कसला? वडिलांचा थोरला भाऊ पोपो, धाकटा षूषू, आईचा भाऊ चिऊचिऊ. आत्या कूकू, मावशी ईमा. तुला मामा आणि काका एकच वाटतात का? मग चिनी माणसाला तरी कसे वाटतील! वाक्याच्या शेवटी ‘मा’ लावला की प्रश्न होतो, आपल्या ‘का’सारखा. हळूहळूला ते मानमान म्हणतात, तसंच जोडून. आणि भेटल्यावर ‘छ ल मा’ असं विचारतात, म्हणजे जेवलात का. तू याचा शब्दशः इंग्रजी अर्थ लिहून पुढे ‘विचित्र अभिवादन’ अशी टीप दिलीस. तुझी आजी दारात आलेल्याला काय विचारते? ‘जेवना का?’ मग विचित्र काय त्यात?

संस्कृतीचा पेपर कोरडा वाटतो, नुसती घराण्यांची नावं, असं लिहिलंस. नावं पाठ कर, परीक्षेला लागतील. पण त्या पेपरात वर्षाच्या चोवीस पर्वांचा धडा आहे, तो घेऊन वडिलांना फोन लाव. चिनी शेतकऱ्याने सूर्याच्या वाटेचे चोवीस भाग केले आणि प्रत्येकाला ऋतूचं, हवेचं नाहीतर शेतीचं नाव दिलं. मार्चच्या सुरुवातीला चिंगच, किडे जागे होतात ते. एप्रिलच्या विशीत कूयू, धान्याचा पाऊस. जूनच्या पाच-सहा तारखेला मांगचुंग, कुसळाचं धान्य काढायचं आणि नवीन पेरायचं. आपलं मृग लागतं सातला! वडिलांना विचार, धूळपेरणी करायची की मृगाची वाट बघायची हे ते कशावरून ठरवतात. ते जे बोलतील ते मांगचुंगच्या पुढे लिही. युनेस्कोने २०१६ साली ही चोवीस पर्वं वारसायादीत घेतली, हेही लिही, त्याला गुण मिळतील.

अधिक महिनासुद्धा त्यांच्याकडे आहे. ज्या चांद्रमहिन्यात संक्रांत येत नाही तो आपला अधिक. त्यांच्याकडे चोवीसपैकी बारा पर्वं मुख्य, त्यांतलं एकही ज्या महिन्यात पडत नाही तो अधिक. २०२३ साली आपल्याला अधिक श्रावण होता, त्याच वर्षी त्यांचा दुसरा महिना दोनदा आला. इंग्रजी पुस्तकात यासाठी ‘लीप मंथ’ असं लिहून पानभर समजावलंय. तुझ्या आईला त्यातली एक ओळही समजावून सांगावी लागणार नाही. अधिकात जावयाला अनारसे का द्यायचे, तेही ती वर सांगेल.

अक्षरं हाताने लिही, मोबाइलवर नाही. ‘शेत’ लिहून बघ. डावा बांध वरून खाली. मग वरचा बांध, तो उजवीकडे वळून खाली उतरतो. मग आत आडवी रेघ, आत उभी रेघ. आणि सगळ्यात शेवटी खालचा बांध. पाच फटकारे, चार वाफे. क्रम का, ते पाणी भरणाऱ्याला विचारायला नको. आतलं काम आटोपल्याशिवाय कोणी तोंड बांधत नाही. त्याच्याखाली ‘बळ’ लिहिलं की ‘पुरुष’ होतो. माझी आई आयुष्यभर निंदणीला गेली, त्यामुळे हे अक्षर लिहिताना माझं तिच्याशी थोडं भांडण होतं. तुझंही होऊ दे. अर्थ पाठ करण्यापेक्षा ते बरं.

आणखी एक सांगायचं राहिलं. श्वानचांग, आपल्या पुस्तकातला ह्युएन त्संग, हा चिनी भिक्षू सातव्या शतकात आपल्या भागातून गेला. ६४६ साली त्याचं प्रवासवर्णन पूर्ण झालं आणि त्यात महाराष्ट्रावर एक तुकडा आहे. पूर्वेच्या डोंगरातल्या ज्या विहाराचं वर्णन त्याने केलंय, तो अजिंठा असं अभ्यासक मानतात. इथल्या माणसांबद्दल त्याने आठ अक्षरं लिहिलीत: ‘यौ अन पी पाव, यौ य्वान पी फू.’ उपकार असेल तर फेडणार, वैर असेल तर उगवणार. मी ते आधी इंग्रजीत वाचलं, लांबलचक दोन ओळींत, आणि पुढे गेलो. मूळ आठ अक्षरं वाचली तेव्हा चाळिशी उलटली होती. वाचताना वाटलं, ही तर आपल्या पारावरची म्हण आहे. वीस वर्षं मी ती दुसऱ्याच्या खिडकीतून बघत होतो.

तू दिवाळीला येशील तेव्हा गाडी जळगावला थांबेल. मी स्टेशनवर येईन, कळण्याची भाकरी आणि भरीत घेऊन. वही बरोबर आण. निदान चाळीस पानं नवीन हवीत, इंग्रजी रकान्याशिवायची, आणि ज्या शब्दाला मराठी सापडला नाही तिथे जागा कोरी ठेव. ते शब्द आपण बसून शोधू. आणि त्याआधी, याच आठवड्यात, चार आणि दहा एकामागून एक वीस वेळा म्हणून आवाज पाठव. चुकलं तरी पाठव.

तुझा काका