चितळांसाठी मीठ ठेवावे का? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

जंगलातील काही ठरावीक ठिकाणची खारट माती चाटण्यासाठी चितळ, सांबर, गवा यांसारखे प्राणी वर्षानुवर्षे येत राहतात. अशा जागेला चाटण म्हणतात; वनखात्यात ‘सॉल्ट लिक’ हा शब्दही तितकाच रुळलेला आहे. अशी जागा माणसाने तयार करावी का, केली तर कशी, याविषयी आलेल्या पत्रांतील काही प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : ताडोबाच्या बफर क्षेत्रालगत आमची शेती असून तेथे आम्ही दोन खोल्यांचा होमस्टे चालवतो. शेताच्या कडेला गुरांची चाटण वीट (गुरांना चाटायला देतात तो मीठ-खनिजांचा ठोकळा) ठेवली तर चितळे रोज संध्याकाळी येतील आणि पाहुण्यांना ती ओसरीवरूनच दिसतील, असे एकाने सुचवले आहे. यात काही गैर आहे का? (चंद्रपूर जिल्हा)

चितळे येतील यात शंका नाही, आणि अडचण तिथूनच सुरू होते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत केवळ प्राण्याला मारणे येत नाही. त्याला पकडणे, फासात अडकवणे, हाकून नेणे आणि आमिष दाखवणे याही कृती त्या व्याख्येत आहेत. शेत आपल्या मालकीचे असले तरी चितळ आपल्या मालकीचे नाही. आपला हेतू पाहुण्यांच्या करमणुकीपुरताच आहे हे मला मान्य आहे, परंतु उद्या त्या विटेपाशी एखादे चितळ फासात सापडले, तर तेथे वीट कोणी आणि कशासाठी ठेवली याचा खुलासा आपल्यालाच करावा लागेल.

कायदा क्षणभर बाजूला ठेवू. कळप ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी येऊ लागला की ती बातमी बिबट्याला आणि वाघाला लागायला फार दिवस लागत नाहीत. शिकारीला परवाना मिळत असे त्या काळात शिकारी मचाण बांधण्यासाठी पाणवठा किंवा चाटण शोधत, ते याच कारणाने. आपल्या ओसरीपासून पन्नास पावलांवर ही सोय आपण स्वतःच्या हाताने करून ठेवणार आहात. शिवाय मीठ चाटून झाल्यावर चितळ उपाशी परत जात नाही. शेजाऱ्याचा हरभरा तेथेच उभा असतो, आणि गावातली मोकाट कुत्रीही तेथेच असतात. पाहुण्यांना काही दाखवायचेच असेल, तर पहाटे ओढ्याकाठच्या ओल्या मातीतले ठसे दाखवावेत. चितळाच्या आणि रानडुकराच्या खुरांतला फरक ओळखता आला की शहरातला माणूस दिवसभर खूश असतो, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : हरणे माती का चाटतात? त्यांना फक्त मीठच हवे असते का? (विद्यार्थिनी, पुणे)

मुख्य ओढ सोडियमची, म्हणजे साध्या मिठातल्या घटकाची असते. बहुतेक वनस्पतींना स्वतःला सोडियमची फारशी गरज नसल्यामुळे पाल्यात आणि गवतात तो अगदी थोडा असतो, पोटॅशियम मात्र भरपूर असते. प्राण्याच्या शरीराला सोडियमवाचून चालत नाही. रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या लाळेत सोडियमचे क्षार मोठ्या प्रमाणात असतात, आणि पोटाच्या पहिल्या कप्प्यात चारा आंबत असताना तयार होणारे आम्ल त्या लाळेमुळेच आटोक्यात राहते. पहिल्या पावसानंतर कोवळे, पाणीदार गवत फुटते. ते पोटभर खाल्ले की पोटॅशियम आणि पाणी एकदम वाढते, लेंड्या पातळ होतात आणि लघवीवाटे सोडियमही अधिक वाहून जातो. वर्षातले सर्वांत चांगले खाणे समोर असतानाच मिठाची भूक का वाढते, या कोड्याचे उत्तर हे आहे. गाभण आणि दूध पाजणाऱ्या माद्यांची गरज त्याहूनही जास्त असते.

समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर आणि पावसाबरोबर थोडे मीठ जमिनीवर पडत राहते. किनाऱ्यापासून जसजसे दूर जावे तसतसे ते कमी होते. विदर्भातील जंगलांच्या वाट्याला ते फारसे येत नाही. गंमत अशी की मेळघाटच्या डोंगररांगा उतरून दक्षिणेला आले की पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा लागतो, जेथे विहिरीचे पाणी माणसाला तोंडात धरवत नाही. वर मिठासाठी माती खणावी लागते आणि खाली मिठामुळे पिके घेणे अवघड जाते.

मेळघाटात एका नाल्याच्या कातरलेल्या काठावर मी एक सांबरीण बराच वेळ पाहिली होती. तिने पुढचे गुडघे टेकले होते आणि मान तिरकी करून ती काठाच्या पोटातली पिवळसर माती खालच्या दातांनी खरवडत होती. मधूनच थांबून कान फिरवायची आणि पुन्हा डोके आत घालायची. ती गेल्यावर जवळ जाऊन पाहिले, तर काठ आतून हातभर पोखरलेला होता आणि त्यावर लहानमोठ्या दातांच्या खुणा एकमेकींवर पडलेल्या होत्या. अशा मातीत सोडियमबरोबर कॅल्शियम, मॅग्नेशियमसारखे घटकही असू शकतात, आणि चिकणमातीमुळे पाल्यातील टॅनिन या तुरट द्रव्याचा त्रास कमी होतो असेही अभ्यासक मानतात. वारुळाची माती आणि वणव्यानंतरची राख हरणे चाटतात तीही या खनिजांसाठीच.

प्रश्न : आमच्या ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मिळालेला आहे. वनविभाग सोबत असेल तर आमच्या जंगलात चाटण तयार करता येईल का? जागा कशी निवडावी, काय वापरावे? (गडचिरोली जिल्हा)

वनविभागाची लेखी संमती आणि प्रत्यक्ष देखरेख असेल तरच याचा विचार करावा; वनहक्क मिळाला म्हणून वन्यजीव कायदा लागू होत नाही असे नाही. त्याआधी आपल्या जंगलात नैसर्गिक चाटण आहे का, हे गावातल्या जुन्या गुराख्यांना विचारावे. असल्यास नवे करण्याची गरज बहुधा नसतेच. असलेले झुडपांनी बुजू न देणे आणि तेथे फास लागू न देणे एवढे काम पुरते.

नवे करायचेच ठरले तर गावाची गुरे जेथवर चरायला जातात त्याच्या पलीकडची जागा निवडावी. ही अट मी सर्वांत वर ठेवतो. एकाच खड्ड्यात गाय आणि गवा दोघांच्या जिभा लागल्या की लाळ्या-खुरकुतासारखे रोग इकडून तिकडे जायला वाट मिळते. १९६८ मध्ये बंदीपूर-मुदुमलाई भागात बुळकांडीने गव्यांचे कळप मारले, तो रोग गुरांचाच होता. अभयारण्याभोवतीच्या पाच किलोमीटरमधील गुरांचे लसीकरण करण्याची तरतूद कायद्यात आहे, तीही याच भीतीपोटी. पाणवठ्याच्या अगदी काठावर चाटण करू नये, कारण पावसात मीठ आणि लेंड्या दोन्ही पाण्यात उतरतात. रस्त्याच्या कडेलाही करू नये. जमीन चिकणमातीची आणि सपाट असावी, म्हणजे मीठ वाहून जात नाही. भोवतालची झाडी थोडी मोकळी असावी, म्हणजे दबा धरून बसलेला प्राणी हरणांना वेळेवर दिसतो.

वितभर खोल खड्डा घेऊन त्यातच निघालेल्या मातीत साधे जाडे मीठ मिसळून भरावे. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने थोडे डायकॅल्शियम फॉस्फेट घालता येते. मीठ प्राण्याला बोलावते आणि कॅल्शियम-फॉस्फरस त्याबरोबर पोटात जाते. युरिया आणि मळी घातलेल्या विटा मात्र जंगलात अजिबात नेऊ नयेत. पावसात युरिया विरघळून खड्ड्यात साचला आणि ते पाणी प्राणी प्यायला, तर विषबाधेने काही तासांत मरू शकतो.

पोते रिकामे झाले म्हणजे काम संपले असे होत नाही. मीठ मातीत मुरते आणि प्राणी पुढेही तीच माती खात राहतात, खड्डा मोठा करत जातात. म्हणून फासांसाठीची गस्त चाटण जेवढी वर्षे वापरात राहील तेवढी वर्षे घालावी लागते. एवढे मनुष्यबळ ग्रामसभेकडे नसेल तर चाटण करू नये, हे मी स्पष्टच लिहितो. तेच हात घाणेरी आणि रानतुळस ही माजलेली तणे उपटायला लावले आणि मारवेल, पवन्या यांसारख्या गवतांना जागा करून दिली, तर हरणांना खनिजे आणि चारा दोन्ही मिळतात आणि एकाच खड्ड्याभोवती गर्दीही होत नाही.

प्रश्न : खरिपात आमच्या शेतावरच्या उघड्या शेडमध्ये खताची पोती असतात. रात्री नीलगाई आणि हरणे ती चाटतात असे दिसते. त्यांना काही होईल का? (अकोला जिल्हा)

होईल, आणि आपल्या गुरांनाही होईल. खताची चव खारट लागते म्हणून प्राणी तोंड लावतात. युरिया पोटात गेला की त्याचा झपाट्याने अमोनिया होतो. तोंडाला फेस, पोटफुगी, थरथर अशी लक्षणे दिसून प्राणी दगावतो. पोती बंद खोलीत ठेवावीत, सांडलेले खत त्याच दिवशी मातीसकट गोळा करावे आणि रिकामी पोती बांधावर टाकू नयेत. ओघात सांगतो, नीलगाय आणि काळवीट यांना आपण सरसकट हरीण म्हणत असलो तरी ती मृगकुळातली नाहीत. चितळ-सांबरांची शिंगे गळून पुन्हा येतात, यांची जन्मभर तीच राहतात.

प्रश्न : आम्ही शिकागोजवळच्या उपनगरात राहतो. मागच्या अंगणात व्हाइटटेल हरणे येतात. दुकानात हरणांसाठी खनिजांचे ठोकळे उघड विकत मिळतात, आणि टेक्सासमधील एक मित्र आपल्या रँचवर ते सर्रास ठेवतो. आम्ही का ठेवू नयेत? (इलिनॉय, अमेरिका)

कारण इलिनॉयमध्ये जंगली हरणांना खाऊ घालण्यास बंदी आहे आणि त्या बंदीत मीठ व खनिजेही येतात. टेक्सासचे नियम वेगळे आहेत. ठोकळा दुकानात मिळतो यावरून तो आपल्या अंगणात ठेवता येतो असे ठरत नाही.

या बंदीमागे क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांना झिजवत मारणारा रोग आहे. १९६७ मध्ये तो प्रथम कोलोरॅडोतील बंदिस्त हरणांत लक्षात आला आणि २००२ मध्ये विस्कॉन्सिन आणि इलिनॉय या दोन्ही राज्यांतील रानटी हरणांत सापडला. तो जिवाणू किंवा विषाणूमुळे होत नाही. प्रायॉन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनामुळे होतो, आणि त्यावर लस किंवा औषध नाही. आजारी हरणाच्या लाळेतून, मूत्रातून आणि लेंड्यांतून प्रायॉन बाहेर पडतात, मातीतल्या चिकण कणांना चिकटतात आणि तेथे वर्षानुवर्षे टिकतात. खनिजांची जागा म्हणजे नेमके लाळ आणि माती एकत्र येण्याचे ठिकाण. विस्कॉन्सिनमधील चाटणांच्या मातीत आणि पाण्यात हे प्रायॉन आढळलेले आहेत. नॉर्वेत २०१६ मध्ये रानटी रेनडिअरमध्ये हा रोग सापडल्यावर नूरफ्येला भागातील सुमारे २,००० रेनडिअरांचा संपूर्ण कळप मारण्यात आला, आणि मेंढ्यांसाठी ठेवलेली मिठाची ठिकाणे कुंपण घालून बंद करावी लागली. मिशिगनमध्ये याआधीच हरणांतील क्षयाचा प्रसार खाऊ घालण्याच्या सवयीशी जोडला गेला होता.

आपल्या मित्राच्या रँचविषयी एवढेच म्हणतो की खनिजांनी शिंगे मोठी होतात ही जाहिरात जेवढी जोरात आहे, तेवढा तिच्यामागचा पुरावा नाही. शिंग म्हणजे हाडच. ते वाढत असताना नर स्वतःच्या बरगड्यांतूनही खनिजे काढून शिंगाला पुरवतो आणि नंतर खाण्यातून ती भरून काढतो. शिंगाचा आकार मुख्यतः नराचे वय, वर्षभराचा आहार आणि आनुवंशिकता यांवर ठरतो. दोन वर्षांच्या नरासमोर कितीही ठोकळे ठेवले तरी तो पाच वर्षांचा होत नाही.

प्रश्न : जंगलात गळून पडलेले चितळाचे शिंग उचलून घरी आणले तर चालते का? (नागपूर)

चालत नाही. शिंग गळून पडलेले असले तरी ते जवळ बाळगणे कायद्याने अडचणीचे आहे. ते तेथे वायाही जात नाही. सायाळ रात्री येऊन ते कुरतडते, कधी हरणेही ते चघळताना दिसतात, आणि त्यातले कॅल्शियम व फॉस्फरस त्याच रानात परत जातात. महिन्याभराने त्याच जागी गेलात तर उरलेल्या तुकड्यावर सायाळीच्या दातांच्या समांतर खाचा पाहायला मिळतील.