बाटलीतलं व्हिटॅमिन की मंडईतला पेरू?

प्रश्न : ताई नमस्कार. आमच्या ह्यांची आठ महिन्यांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट टाकलेत. वय ६१. चाळीस वर्षं विडी होती, ती तेव्हापासून सुटली. रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या, कोलेस्टेरॉलची एक आणि बीपीची एक चालू आहे. आता पुतण्याने पुण्याहून अँटिऑक्सिडंटच्या कॅप्सूल आणून दिल्यात, महिन्याची बाटली १,८०० रुपयांची. पुढे हृदयाचं चित्र, मागे लिहिलंय व्हिटॅमिन ई ४०० आययू, व्हिटॅमिन सी ५०० मिलिग्रॅम, बीटा कॅरोटीन १५ मिलिग्रॅम. तो म्हणतो नॅचरल आहे, झाला तर फायदाच, आणि आपल्या भाकरी-आमटी-पालेभाजीतून एवढं मिळतच नाही. खरंच मिळत नाही का? बाटली अजून फोडली नाहीये. – एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : फोडली नाहीत ते फार बरं केलंत, आणि आता फोडूही नका. पुतण्यावर मात्र रागावू नका, काकांच्या काळजीनेच आणलीये त्याने, आणि तो जे म्हणतोय ते तीसेक वर्षांपूर्वी मोठमोठे डॉक्टरसुद्धा म्हणत होते.

तेव्हा विचार असा होता की वाईट कोलेस्टेरॉल म्हणजे एलडीएल, ते रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरून तिथे ऑक्सिडाइज होतं, म्हणजे ऑक्सिजनशी संयोग होऊन बिघडतं, मग पांढऱ्या पेशी ते गिळत बसतात आणि तिथे चरबीचा थर साचत जातो. मग हे ऑक्सिडेशन रोखणारी द्रव्यं, म्हणजेच अँटिऑक्सिडंट, देऊन ते थांबवलंच तर? ऐकायला अगदी पटतं. त्यात १९९३ साली अमेरिकेतल्या ८७ हजारांवर नर्सेसच्या अभ्यासात दिसलं की व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांना हार्टचा त्रास कमी होतो, झालं, सगळीकडे बाटल्या सुरू झाल्या. पण जी बाई आठवणीने रोज व्हिटॅमिन घेते ती बहुतेक चालायलाही जाते, सिगारेट ओढत नाही, वेळेवर तपासण्या करते, मग फायदा नेमका कशाचा हे नुसतं बघून कसं कळणार? म्हणून पुढे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून, एकाला खरी गोळी आणि एकाला तशीच दिसणारी खोटी गोळी देऊन तपासलं, आणि तिथे चित्र पालटलं. २००० सालच्या होप नावाच्या अभ्यासात साडेनऊ हजार लोकांना, म्हणजे ज्यांना हृदयाचा आजार किंवा डायबेटिस आधीच आहे अशांनाच, साडेचार वर्षं व्हिटॅमिन ई ४०० आययू (आययू हे व्हिटॅमिन मोजायचं एक माप) देऊन बघितलं. तुमच्या बाटलीवर आहे तोच डोस. हार्ट अटॅक कमी झाले नाहीत. २००२ साली ब्रिटनमध्ये वीस हजारांवर लोकांना ई, सी आणि बीटा कॅरोटीन (गाजराला केशरी रंग देणारं द्रव्य) तिन्ही एकत्र पाच वर्षं दिलं, तिथेही हाती काही लागलं नाही.

इथवर असतं तर मी म्हटलं असतं, पैसे वाया गेले बाकी काही नाही. पण तुमच्या पत्रातल्या विडीच्या ओळीवर मी थांबले. फिनलंडमध्ये १९९४ साली २९ हजार सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांच्या अभ्यासाचा निकाल आला, रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन दिलं होतं, फुप्फुसाचा कॅन्सर कमी होईल या आशेने. तो १८ टक्क्यांनी वाढला. अमेरिकेत असाच अभ्यास चालू होता, सिगारेट ओढणारे, सोडलेले आणि ॲस्बेस्टॉसच्या कामातले असे लोक होते त्यात, तिथेही कॅन्सर वाढताना दिसला म्हणून १९९६ मध्ये गोळ्या मधेच बंद केल्या. चाळीस वर्षं विडी ओढलेल्या माणसाला ही कॅप्सूल मी देणार नाही, कुणी फुकट दिली तरी नाही.

दुसरं म्हणजे व्हिटॅमिन ई मोठ्या डोसमध्ये रक्त गोठणं थोडं कमी करतं, आणि ह्यांच्या दोन गोळ्या तेच काम करतायत. अमेरिकेतल्या पुरुष डॉक्टरांवर झालेल्या अभ्यासात, २००८ ची गोष्ट, व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांमध्ये मेंदूत रक्तस्राव होऊन येणारे स्ट्रोक जास्त दिसले. नॅचरल म्हणजे निरुपद्रवी हा समज डोक्यातून काढा, प्लीज.

आता तुमचा खरा प्रश्न, जेवणातून मिळतं का. ४०० आययू नाही मिळत, पुतण्याचं तेवढं बरोबर आहे, तेवढं मिळवायला रोज दोन किलोच्या वर शेंगदाणे खावे लागतील! पण तेवढ्याची गरजच कुठे आहे? व्हिटॅमिन सी रोज ८० मिलिग्रॅमच्या आसपास पुरतं, एक बऱ्यापैकी पेरू खाल्ला की दिवसाचं भागलं. शिवाय पेरूसोबत चोथा येतो, पोटॅशियम येतं, आणखी शेकडो गोष्टी येतात, त्यातली एक उचलून बाटलीत भरली की पेरू होत नाही.

साध्या जेवणाला कमी लेखू नका हो. फक्त करताना थोडं बघा. परवाच एक काकू सांगत होत्या, मेथी उकडून पाणी ओतून देते म्हणजे कडूपणा जातो, अहो त्या पाण्यात सी व्हिटॅमिन गेलं की सगळं. भाजी आधी धुवा मग चिरा, झाकण ठेवून लवकर शिजवा, लिंबू गॅस बंद केल्यावर पिळा. गाजर-टोमॅटोचं उलटं, त्यातला रंग अंगी लागायला तेल लागतं, शिजवलं तर आणखी चांगलं. आपल्या आज्या गाजराच्या कोशिंबिरीत शेंगदाण्याचा कूट घालून वर फोडणी देत आल्यात ते किती योग्य आहे बघा. फोडणी एक चमचाभर तेलाची. आणि विडीमुळे गाजर बंद करू नका, धोका गोळीतल्या डोसचा होता, ताटातल्या गाजराचा नाही. लाल माठ, शेवग्याचा पाला, जांभळं, कांदा, जवसाची चटणी कमी मिठाची, हे सगळं आलटून पालटून येऊ दे. आवळा आहेच, पण ताजा किंवा नुसता वाळवलेला, कारण मोरावळ्यात साखर आणि लोणच्यात मीठ एवढं असतं की बीपीवाल्या माणसाला नकोच. १,८०० रुपयांत महिनाभराची फळं आणि मूठभर अक्रोड-बदाम बऱ्यापैकी बसतात. सुक्यामेव्याचं म्हणाल तर स्पेनमध्ये हजारो लोकांवर अभ्यास झालाय, रोज ३० ग्रॅम अक्रोड, बदाम वगैरे आणि तिकडचं भाज्या-फळं-डाळींचं जेवण घेणाऱ्यांना हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरे मिळून कमी झाले.

गोळ्या सगळ्यांनाच नकोत असं नाही हं. बी-१२ तपासून कमी निघालं तर गोळी घ्यायचीच, आणि डोळ्याच्या डॉक्टरांनी पडद्याच्या आजारासाठी अँटिऑक्सिडंट दिलं असेल तर ते वेगळं, ते मनाने थांबवू नका, फक्त विडी होती हे त्यांना सांगा, त्यांच्याकडे बीटा कॅरोटीन नसलेली गोळी असते.

पुढच्या तपासणीला जाताना ह्यांच्या चारही गोळ्या आणि ही बाटली एकाच पिशवीत घालून कार्डिओलॉजिस्टच्या टेबलावर ठेवा, घरात आणखी कुठलं चूर्ण, काढा चालू असेल तर तेही. सीलबंद आहे तोवर पुतण्याला दुकानात परत करता येते का तेही विचारा.