गोव्याच्या पावसात माउंटन बाइकला २.६चे टायर घालावेत का?

तुम्ही फोंड्याला राहता, २९ इंची चाकांची हार्डटेल (म्हणजे फक्त पुढेच सस्पेन्शन असलेली माउंटन बाइक) आहे, तिच्यावर सायकलबरोबर आलेले २.१चे, म्हणजे २.१ इंच रुंदीचे टायर आहेत, पावसात मातीच्या वाटांवर ती घसरते आणि म्हणून २.६ घ्यायचं मनात आहे. हाच प्रश्न ना?

२.६ नको. पुढे २.४, मागे २.२५, आणि एक पैसाही खर्च करण्याआधी आहेत त्याच टायरांतली हवा कमी करून बघा.

हे मी पैसे घालवून शिकलोय. मी साखळीचा. मे महिन्यात हौसेने २.६ची जोडी घेतली. दुकानात चाक छान फिरलं. मागे टायर आणि चेनस्टे (मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांनी जाणारे फ्रेमचे आडवे दांडे) यांच्यात दोन्ही बाजूंना नख जाईल एवढी फट होती. जुलैत केरीहून अंजुणे धरणाच्या अंगाला, काजूच्या बागेतल्या पायवाटेवर गेलो. पाचेक मिनिटांत टायरने चिखल उचलला, चिखलात काजूची पानं मिसळली आणि फटीत असं काही मळून बसलं की चाक फिरेचना. दर पन्नास पावलांवर काटकीने चिखल उकरत, मग कंटाळून सायकल खांद्यावर घेऊन परत आलो. घरी धुतल्यावर पाहिलं तर चेनस्टेचा रंग आतल्या धातूपर्यंत खरवडला होता. जांभ्याचे कण म्हणजे सॅण्डपेपरच. दुकानदार म्हणाला होता, "बसतो." बसतो खरा, फिरत नाही.

तेव्हा आधी फट मोजा. ६ नंबरची, म्हणजे ६ मिलीमीटर जाडीची अॅलन की (षटकोनी पाना) तुमच्याकडे असेलच. नवा टायर बसल्यावर ती टायर आणि फ्रेम यांच्यामधून दोन्ही बाजूंनी आरामात गेली पाहिजे; पुढे फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या) कमानीखालूनही. आता हिशोब बघा. २.१चा टायर साधारण ५४ मिलीमीटर रुंद, २.४चा ६१, २.६चा ६६. म्हणजे २.१वरून २.४वर गेलात तर प्रत्येक बाजूची फट साडेतीन मिलीमीटरने घटते, २.६वर सहाने. आज दहा मिलीमीटर असेल तर २.४ला साडेसहा उरते आणि २.६ला चार. चारमध्ये आपल्याकडचा पाऊस मावत नाही.

दुसरं, रिम. स्टिकरवर ६२२x१९ असं काहीतरी लिहिलेलं असतं. ६२२ म्हणजे २९ची रिम, १९ म्हणजे तिची आतली रुंदी. १९-२१च्या अरुंद रिमवर २.६ घातला की टायर फुग्यासारखा गोल होतो आणि हवा कमी केली की वळणावर आडवा लोळतो. तुमच्या सायकलीबरोबर २.१ आले असतील तर रिम अशीच असण्याची शक्यता जास्त. तिच्यावर २.२५ निर्धास्त चालतो आणि पुढे २.४ खपून जातो. २.६ला मात्र आतून २५च्या वरची रिम हवी.

आता चिखलाबद्दल, कारण सगळी गोम तिथे आहे. परदेशातले व्हिडिओ बघून आपण "मड टायर" शोधतो, पण आपल्याकडे चिखल एक नाही.

सड्यावरचा, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाट खडकाळ पठारावरचा उघडा जांभा खरखरीत असतो, त्यामुळे पहिल्या पावसात कुठलाही टायर त्याला धरतो. उलट तेव्हा वाटतं, उगाच घाबरत होतो. मग आषाढ सरता सरता त्याच्यावर शेवाळ धरतं, आणि त्या हिरव्या-काळ्या थरावर जगातला कुठलाच टायर टिकत नाही. तिथे ब्रेकला हात न लावता सरळ निघून जायचं, नाहीतर उतरायचं. त्यासाठी टायर बदलू नका.

खाणीच्या रस्त्यावरची माती पिठासारखी बारीक. ओली झाली की साबण. (२०१२ला आणि पुन्हा २०१८ला खाणी थांबल्या तेव्हा आम्हा सायकलवाल्यांना हे रस्ते मोकळे मिळाले, ज्यांचे ट्रक दारात उभे राहिले त्यांना विचारलंत तर गोष्ट वेगळी. आता काही भागांत ट्रक पुन्हा धावताहेत, तेव्हा विचारून जा.) हा थर बहुतेक ठिकाणी वरवरचा असतो आणि खाली कडक जमीन असते. इथे रुंद टायर वरच्या वर तरंगतो आणि घसरतो. अरुंद टायर, ज्याची बटणं (टायरवरचे रबराचे उंचवटे) उंच आणि एकमेकांपासून लांब आहेत, तो थर कापून खालची जमीन पकडतो. रुंद म्हणजे पकड, हे गणित इथे उलटं फिरतं.

शेताच्या बांधावरची आणि खाजनातली (खाडीकाठच्या, बांध घालून राखलेल्या सखल शेतातली) चिकणमाती तर कुणालाच सोडत नाही. दिवाडी-चोडणच्या बांधांवर पावसात मी जातच नाही. सायकलही खराब होते, आणि बांध खचला तर शेतकऱ्याच्या शिव्या रास्तच असतात.

उरली कुळागरं (सुपारीच्या बागा) आणि जंगलवाटा. ओली मुळं, दगड, कुजकी पानं. इथे रुंदी खरंच कामाला येते, कारण कमी हवेचा २.४ मुळावर दबून तिला कवटाळतो, २.१ टणकन उडतो. आणि गंमत म्हणजे पाऊस संपल्यावरही तोच उपयोगी. दिवाळीनंतर सड्याच्या वाटांवर जांभ्याचे बारीक गोल खडे सुटे होतात आणि खाली टणक जमीन राहते. गोट्या पसरल्यासारखं. माझ्या गुडघ्यावरची खूण पावसातली नाही, जानेवारीतली आहे.

म्हणून पुढे २.४, जिथे पकड गेली तर माणूस तोंडावर पडतो. बटणं मध्यम उंचीची, मध्ये भरपूर मोकळी जागा आणि कडेची बटणं दणकट. मागचं चाक थोडं घसरलं तरी सावरता येतं, म्हणून तिथे २.२५: चिखलाला फट राहते आणि डांबरावर जड जात नाही. फोंड्याहून वाटेला लागेपर्यंत डांबर आहेच की. मॅक्सिसचा फोरकास्टर किंवा श्वाल्बेचा नॉबी निक या जातीतले. मॅक्सिसच्याच शॉर्टीसारखा उंच बटणांचा, खास चिखलाचा टायर डांबरावर गुरगुरतो आणि लवकर झिजतो. रोज जंगलात जाणार असाल तरच. बाजूला बाणाची खूण असते, त्या दिशेनेच लावून घ्या. दुकानातला पोरगा विसरतो.

हवा. पेट्रोल पंपावर जाऊन ४५-५० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरत असाल, तर तुमची अर्धी घसरण तिथूनच येतेय. सत्तर किलोच्या माणसाला, ट्यूब असलेल्या २.१ला, पुढे २८ आणि मागे ३१पासून सुरुवात करा. दगडावर रिम आदळल्याचा आवाज आला तर दोन पीएसआय वाढवा, नाहीतर ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं पडलेली सापडतील. पुढे २.४ आल्यावर तिथे २५वर या. यासाठी दाब दाखवणारा काटा असलेला फ्लोअर पंप (जमिनीवर उभा ठेवून मारायचा) घ्या, टायरच्या आधी. अंगठ्याने दाबून सगळ्यांनाच सगळं बरोबर वाटतं.

ट्यूबलेस (ट्यूब काढून आत भोकं बुजवणारं द्रव, सीलंट, घालणं) केलंत तर आणखी तीन-चार पीएसआय कमी करता येतात आणि करवंदीच्या काट्यांची कटकट जाते. पण रिम ट्यूबलेसला चालणारी हवी, आणि आपल्या उकाड्यात सीलंट लवकर सुकतं. दोन-तीन महिन्यांनी उघडून बघावं लागतं. हे करणार नसाल तर ट्यूबच बरी.

एक सूचना टायरची नाही. सड्यावर सोडून दिलेल्या चिरेखाणी (जांभ्याचे चिरे काढलेले खड्डे) पावसात काठोकाठ भरतात आणि गवतात त्यांचा काठ दिसत नाही. अनोळखी सड्यावर वाट सोडून सायकल घालू नका. आणि म्हादई किंवा बोंडल्याच्या बाजूला अभयारण्याची हद्द लागते, तिथे वनखात्याला विचारल्याशिवाय नाही.

माझी २.६ची जोडी अजून माळ्यावर पडून आहे. रिम रुंद निघाली आणि अॅलन की आरपार गेली, तर साखळीला येऊन त्यातला एक फुकट घेऊन जा. पुढच्या चाकासाठी.